गहू व तांबेरा यांतील रेणवीय आंतरक्रिया

गव्हाच्या खोडावर व पानांवर वाढणारी तांबेऱ्याची कवके आणि गव्हाच्या कोशिका यांच्यात प्रथिने, शर्करा इ. रेणूंच्या द्वारे होणारी देवघेव व प्रतिकार यांस ही संज्ञा लावतात. एखादा वाण तांबेऱ्यास बळी पडतो आणि शेजारच्या वाफ्यातील दुसरा वाण निरोगी राहतो, याचे कारण या आंतरक्रियेत असते. पिके व रोगकारक कवके यांच्या संबंधांचा अभ्यास भात, जवस, ओट, टोमॅटो वगैरे अनेक पिकांत झालेला आहे. तथापि गव्हाच्या तांबेऱ्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कृष्णा खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकविल्या जाणाऱ्या खपली गव्हाला या संशोधनाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. शिवाय दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या तांबेऱ्याची वाटही दख्खनच्या पठारावरूनच जाते.

रोग व त्याचा इतिहास : गव्हावर तीन प्रकारचा तांबेरा पडतो. काळा किंवा खोडावरील (पक्सिनिया ग्रॅमिनिस), नारिंगी किंवा पानांवरील (पक्सिनिया ट्रिटिसिना) व पिवळा (पक्सिनिया स्ट्राइइफॉर्मिस). यांपैकी पिवळ्या तांबेऱ्यास थंड हवा लागत असल्याने तो मुख्यतः उत्तर भारतातील रोग आहे. महाराष्ट्रात पहिले दोन आढळतात. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने काळ्या तांबेऱ्याचा विचार केला आहे. त्याचे लांबट, विटकरी रंगाचे फोड खोडावर येतात, साल फाटून त्यांतून भुकटी उडते व हंगामाच्या शेवटी ते काळे पडतात. दाण्याकडे जाणारे अन्न कवक वाटेतच घेत असल्याने दाणे सुरकुततात. उभे पीक महिन्याभरात हातचे जाऊ शकते.

प्राचीन रोमन लोक तांबेऱ्याची देवता मानून तिला दर वर्षी एप्रिलमध्ये बळी देत. तांबेरा ही एक सूक्ष्म परजीवी वनस्पती असल्याचे फेलीचे फोंताना यांनी इटलीत १७६७ मध्ये दाखविले (कवकांची गणना त्या काळी वनस्पतींत होत असे). आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञांनी या कवकाच्या जीवनचक्राचा एक भाग बारबेरी या झुडपावर पूर्ण होतो, हे १८६५ मध्ये सिद्ध केले. भारतात विल्यम स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नर्मदेकाठच्या गव्हावरील तांबेऱ्याचे वर्णन येते. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली व तीत सु. २० लक्ष टन गव्हाची हानी झाल्याचा अंदाज आहे. फाळणीपूर्वीच्या त्या टंचाईच्या वर्षात ही हानी किती जाचली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

तांबेऱ्याची वाट : आग्रा येथील करमचंद मेहता यांनी १९२० नंतरच्या दोन दशकांत भारतातील तांबेऱ्याचा वार्षिक क्रम शोधून काढला. युरोप-अमेरिकेत बारबेरीला असणारे महत्त्व भारतात नाही. येथील मैदानी उन्हाळ्यात कवकाची बीजुके टिकत नाहीत. काळा तांबेरा निलगिरी व पळणी या डोंगरांतील गव्हावर वर्षभर तग धरतो व तेथून दर वर्षी नव्याने पसरतो, असे त्यांनी दाखविले. पुढे एल्. एम्. जोशी व एस्. नागराजन् यांनी या प्रसाराचा हवामानाशी संबंध जोडला. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी वादळे अनुकूल मार्गाने गेल्यास निलगिरीतील बीजुके हवेच्या वरच्या थरांतून वाहत येऊन पावसाबरोबर मध्य भारतातील कोवळ्या गव्हावर उतरतात. कर्नाटक व महाराष्ट्र या वाटेवर आहेत. महाबळेश्वर येथे गहू तांबेऱ्याचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे व नासिक जिल्ह्यातील निफाडच्या केंद्रात तांबेरा-प्रतिरोधी वाणांची पैदास दीर्घकाळ चालू आहे.

कोकणच्या दमट हवेत गहू जवळजवळ पिकत नाही. तरीही मुंबई व नवी मुंबई यांचा पोळीचा गहू याच वाटेवरच्या प्रदेशांशी बांधलेला आहे. वाशीच्या धान्य बाजारात मध्य प्रदेशातील गव्हाला जे स्थान आहे ते पाहिले म्हणजे पठारावरील साथीचे परिणाम घाटाखालीही कसे पोहोचू शकतात, हे ध्यानात येते.

कवकाचा प्रवेश : वाऱ्याने आलेले यूरिडोबीजुक (उन्हाळी बीजुक) पानावर पडते आणि रात्रीच्या दवात रुजते. त्यातून निघणारी अंकुरनलिका पानाच्या पृष्ठावरील कोशिकांच्या कडांचा स्पर्श ओळखीत ओळखीत त्वग्रंध्रापर्यंत (हवेची देवाणघेवाण करणाऱ्या सूक्ष्म छिद्रापर्यंत) जाते. तेथे ती आसंजक नावाची चपटी गादी बनविते. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत पुढील पाऊल प्रकाश पडल्यावर उचलले जाते. म्हणून रात्रीचे दव व त्यानंतरचे सकाळचे ऊन हा क्रम त्यास मानवतो. भातावरील करपा रोगाचे कवक मात्र रंध्राची वाट पाहत नाही. त्याच्या आसंजकात वातावरणाच्या सु. ऐंशी पट दाब निर्माण होतो व त्या बळावर ते पानाची बाह्यत्वचा भेदून आत शिरते.

रंध्रातून आत शिरलेले तांबेऱ्याचे कवकतंतू कोशिकांच्या मधल्या पोकळ्यांत पसरतात. कोशिकेच्या भित्तीस बारीक छिद्र पाडून कवक आत एक फुगीर अवयव सोडते. त्यास शोषकांग म्हणतात. येथे एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी लागते. कवक कोशिकेची भित्ती भेदते, परंतु कोशिकेचे पातळ पटल फाडीत नाही; बोटाने दाबलेल्या फुग्याप्रमाणे ते पटल शोषकांगाभोवती आत दुमडते. त्यामुळे कोशिका जिवंत राहते व कवकास शर्करा आणि ॲमिनो अम्ले पुरवीत राहते. तांबेरा केवळ जिवंत कोशिकेवरच जगू शकतो. आश्रय देणारी कोशिका मेली की त्याचाही आहार संपतो. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पहिला प्रतिकार : प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या शरीरात रोगजंतूंचा पाठलाग करणाऱ्या फिरत्या कोशिका नसतात. प्रत्येक कोशिकेस स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. कवकाच्या भित्तीत कायटिन हे बहुशर्कराइड असते व वनस्पतीत ते नसते. वनस्पतीची विकरे (एंझाइमे) कायटिनाचे तुकडे करतात आणि कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राही प्रथिने हे तुकडे ओळखतात. भातातील अशी प्रथिने जपानी शास्त्रज्ञांनी २००६ च्या सुमारास शोधून काढली. ओळख पटताच कोशिकेत कॅल्शियमाचे आयन शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, भित्ती जाड होते व कवकविरोधी प्रथिने बनू लागतात. निसर्गातील असंख्य कवके गव्हाच्या पानावर पडूनही रोग करू शकत नाहीत, त्यामागे इतर कारणांबरोबर हा प्रतिकारही असतो.

यशस्वी रोगकारक कवके हा प्रतिकार दाबून टाकणारी प्रथिने स्रवतात. त्यांस परिणामक प्रथिने म्हणता येईल. काही परिणामक कायटिनाचे तुकडे स्वतःलाच चिकटवून ग्राहीपासून लपवितात, तर काही कोशिकेच्या आत जाऊन तिचे संदेशवहन बिघडवितात. काळ्या तांबेऱ्याच्या जीनोमाचा (संपूर्ण जनुकसंचाचा) वाचित आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सु. १७,७०० जनुके आढळली व त्यांतील पुष्कळ जनुके स्रवणाऱ्या प्रथिनांची आहेत. यांतील बहुतेकांचे नेमके कार्य अद्यापि उलगडलेले नाही.

जनुकास जनुक : एच्. एच्. फ्लॉर यांनी अमेरिकेतील नॉर्थ डकोटात १९४० च्या सुमारास जवस व त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास केला. विदर्भातील शेतकऱ्यांना परिचित असलेले हे पीक त्या संशोधनामुळे वनस्पतिरोगविज्ञानात अजरामर झाले. फ्लॉर यांनी केवळ जवसाचाच नव्हे, तर कवकाचाही संकर केला आणि दोन्हींच्या संततीचा हिशेब मांडला. जवसातील प्रत्येक प्रतिरोधी जनुकास कवकात एक जोडीदार जनुक असते. दोन्ही हजर असतील तरच प्रतिकार घडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुलूप व किल्ली यांचा दाखला येथे नेहमी दिला जातो, पण तो फसवा आहे. कारण येथे किल्ली जुळली म्हणजे कवकास दार उघडत नाही, उलट घरात घंटा वाजते.

या घंटेचे रासायनिक स्वरूप १९९४-९५ नंतर स्पष्ट होत गेले. बहुतेक प्रतिरोधी जनुके कोशिकेच्या आत वावरणारी एका विशिष्ट घडणीची ग्राही प्रथिने बनवितात. त्यांच्या एका टोकास ल्यूसीन या ॲमिनो अम्लाची पुनरावृत्ती असलेला वक्र भाग असतो व तो परिणामक ओळखतो. मधला भाग ऊर्जावाहक न्यूक्लिओटाइड धरतो. एकपदरी आइनकॉर्न गव्हातून घेतलेले एसआर-३५ हे जनुक २०१३ मध्ये वेगळे करण्यात आले व ते तांबेऱ्याचे कोणते प्रथिन ओळखते हे २०१७ मध्ये समजले. हे प्रथिन भेटताच एसआर-३५ ग्राहीचे पाच रेणू एकत्र येऊन चक्राकार रचना करतात आणि तिच्यातून कॅल्शियमाचे आयन कोशिकेत घुसतात, असे २०२२ मध्ये दाखविण्यात आले. परिणामी ती कोशिका मरते व तिच्याबरोबर तीवर पोसणारे शोषकांगही निकामी होते. पानावर फोडाऐवजी टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका तेवढा दिसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ ई. सी. स्टॅकमन यांनी या घटनेस १९१५ मध्येच अतिसंवेदनशीलता असे नाव दिले होते. शेतकऱ्याने असा ठिपका पाहून घाबरण्याचे कारण नसते. ती प्रतिकार यशस्वी झाल्याची खूण असते.

खपली गहू : सातारा, सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या बेळगाव, विजापूर, धारवाड या भागांत पिकणारा खपली किंवा जोड गहू (ट्रिटिकम डायकॉकम) हा चतुर्गुणित, २८ रंगसूत्रे असलेला प्राचीन गहू आहे. मळणीनंतरही दाण्यावर तूस घट्ट राहते, त्यावरूनच त्याचे मराठी नाव पडले. पुरणपोळी, खीर, शेवया यांसाठी त्याला विशेष मागणी असते. तो उशिरा पिकतो, त्याचे तूस काढण्यास वेगळा खर्च येतो आणि उत्पन्नही सुधारित सरबती वाणांपेक्षा कमी येते, त्यामुळे त्याचे क्षेत्र आकुंचित होत गेले. मात्र तांबेऱ्याच्या वर्षांतही तो बहुधा तरतो.

स्टॅकमन व लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी १९२२ मध्ये बारा गव्हांचा एक संच ठरविला. या बारा वाणांवर कवकाचा नमुना लावावयाचा व कोणावर फोड येतात, कोणावर ठिपके येतात हे पाहून प्रभेदाचा क्रमांक ठरवावयाचा, अशी ही पद्धती होती. त्या संचातील एक वाण ‘खपली’ या मराठी नावानेच जगभराच्या प्रयोगशाळांत पोहोचला. त्या काळी ज्ञात असलेल्या बहुतेक सर्व प्रभेदांस खपलीने दाद दिली नाही. सिडनी येथे डब्ल्यू. एल्. वॉटरहाउस यांनी त्याचा स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशी संकर करून ‘खपस्टाइन’ हा वाण काढला. साध्या गव्हात ४२ रंगसूत्रे असल्याने असा संकर अवघड असतो व त्याची संतती पुष्कळदा वांझ निघते. खपलीपासून एसआर-७ए, एसआर-१३ व एसआर-१४ ही तांबेराविरोधी जनुके आणि भुरी रोगाविरुद्धचे पीएम-४ए हे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती आले.

यांपैकी एसआर-१३ हे जनुक २०१७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेच्या पुढाकाराने वेगळे करण्यात आले. ते वर वर्णन केलेल्या ग्राही प्रथिनाचेच जनुक आहे. त्याचा एक गुण असा की, अधिक तापमानात त्याचा प्रभाव वाढतो. तापमान वाढल्यावर जनुक स्वतः अधिक क्रियाशील होत नाही, परंतु कवक व जनुक दोन्ही हजर असतील तर काही संरक्षक प्रथिनांची निर्मिती वाढते. खपलीचे माहेर उष्ण दख्खनमध्ये असणे व या जनुकाने उष्णतेत अधिक काम करणे यांचा मेळ लक्षणीय आहे. मात्र एकामुळे दुसरे घडले असे यावरून म्हणता येणार नाही. लागवडीतील खपलीसारख्या व बन्सीसारख्या चतुर्गुणित गव्हांच्या तपासलेल्या वाणांपैकी सु. एक-तृतीयांश वाणांत या जनुकाची प्रतिरोधी रूपे सापडली, तर साध्या गव्हाच्या बहुतेक वाणांत ती नव्हती. एसआर-१३ ज्यास ओळखते ते तांबेऱ्याचे प्रथिन २०२४ मध्ये शोधण्यात आले.

प्रतिकार का ढासळतो : एक ग्राही एकच परिणामक ओळखत असल्याने कवकास निसटण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. ते प्रथिन थोडे बदलले किंवा त्याचे जनुक मोडले की ग्राही आंधळा होतो. एसआर-३५ ला चुकविणाऱ्या एका प्रभेदात जोडीदार जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आढळला. यूरिडोबीजुकाच्या कोशिकेत दोन वेगवेगळी केंद्रके असल्यामुळे बहुधा दोन्हींमधील जनुक बिघडावे लागते, इतकाच काय तो गव्हाच्या बाजूचा दिलासा. परंतु एका हेक्टरवरील साथीत बीजुकांची संख्या अब्जावधींत जात असल्याने असा योग येतोच. निलगिरीतील वेलिंग्टन येथे १९८९ मध्ये सापडलेला ४०-१ हा प्रभेद एसआर-२४ या जनुकावर मात करणारा होता.

सर्वांत मोठा धक्का युगांडातून आला. तेथे १९९८ मध्ये आढळलेल्या व १९९९ मध्ये नावारूपास आलेल्या यूजी-९९ या प्रभेदाने एसआर-३१ निष्प्रभ केले. राय धान्यातून आलेले हे जनुक जगभर भरवशाचे मानले जात होते; उत्तर भारतात लक्षावधी हेक्टरांवर घेतला जाणारा पीबीडब्ल्यू ३४३ हा वाणही त्यावरच विसंबून होता. हा प्रभेदगट पुढे केन्या, इथिओपिया, सूदान व येमेन या मार्गाने २००७ पर्यंत इराणमध्ये पोहोचला. भारतात तो आढळल्याची नोंद नाही. यूजी-९९ च्या दोन केंद्रकांपैकी एक केंद्रक आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील एका जुन्या प्रभेदातील केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते, असे २०१९ मध्ये दिसून आले. म्हणजे दोन प्रभेदांचे तंतू एकमेकांस जुळून त्यांनी केंद्रकांची अदलाबदल केली असावी. बारबेरीविना, म्हणजे लैंगिक प्रजननाविनाही नवा प्रभेद असा जन्मतो. भारतात बारबेरीचा भाग नगण्य असल्यामुळे आपण निर्धास्त आहोत, ही समजूत त्यामुळे सोडावी लागते. खपलीचे एसआर-१३ यूजी-९९ गटाविरुद्ध परिणामकारक ठरते, म्हणूनच त्याला पुन्हा महत्त्व आले. मात्र इथिओपियात एसआर-१३ वर मात करणारे प्रभेदही आढळले आहेत. खपलीलाही अजिंक्य मानता येत नाही.

अन्य प्रकारचा प्रतिकार : काही जनुके मोठ्या वाढीच्या रोपात मंद व अपुरा, पण दीर्घकाळ टिकणारा प्रतिकार देतात. खपलीच्याच जातीच्या यारोस्लाव्ह या गव्हातून अमेरिकेत मॅकफॅडन यांनी १९२० नंतर साध्या गव्हात आणलेले एसआर-२ हे त्यांपैकी एक असून बोर्लॉग यांच्या मेक्सिकन वाणांतून ते भारतातील सोनालिकापर्यंत पोहोचले. एलआर-३४ हे दुसरे. ते कोशिकापटलातून रेणू वाहून नेणारे प्रथिन बनविते. एलआर-६७ चे प्रथिन शर्करेच्या वहनाशी निगडित आहे. कवकाच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाची ओळख येथे अभिप्रेत नसल्यामुळे कवकास नुसता चेहरा बदलून सुटता येत नाही.

याच्या उलट स्थिती मृत ऊतकांवर जगणाऱ्या कवकांची असते. पानावरील करड्या ठिपक्यांच्या रोगाचे बायपोलॅरिस सोरोकिनियाना हे कवक टॉक्स-ए नावाचे प्रथिन स्रवते. गव्हात टीएसएन-१ हे ग्राही जनुक असल्यास कोशिका अतिसंवेदनशीलतेने मरतात व कवकाचे फावते. टॉक्स-ए भारतातील कवकातही सापडले आहे. तांबेऱ्यापासून वाचविणारी कोशिकेची आत्माहुती येथे रोगाला मेजवानी ठरते. वाण निवडताना एका रोगाकडेच पाहून चालत नाही, ते यामुळे.

उपयोजन : एकेकट्या जनुकावर विसंबण्याऐवजी दोन-तीन प्रतिरोधी जनुके एसआर-२ सारख्या जनुकांसह एकाच वाणात गोवण्याकडे आता कल आहे. सर्व जनुकांस एकाच वेळी चुकविणारा कवकाचा प्रभेद निर्माण होणे फारच दुर्मीळ असते. पूर्वी एका वाणात किती जनुके आली हे फोडांवरून कळत नसे, कारण एक जनुक दुसऱ्याचा परिणाम झाकते. आता डीएनएतील खुणांवरून रोपावस्थेतच ती मोजता येतात. सिमला येथील फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातून येणाऱ्या तांबेऱ्याच्या नमुन्यांचे प्रभेद दर वर्षी ठरविले जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने (स्थापना १९४६, महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावाने) साध्या व बन्सी गव्हाबरोबर खपलीचेही सुधारित वाण दिले असून, धारवाड येथून प्रसारित झालेले बुटके खपली वाणही लागवडीत आहेत.

दक्षिणेकडील राज्यांतील गहू प्रतिरोधी असेल तर निलगिरीतून निघालेल्या बीजुकांना वाटेत वाढण्यास थारा मिळत नाही व मध्य भारताचे पीकही सुरक्षित राहते. गव्हाच्या एकूण भारतीय उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा अल्प आहे. तरी येथील शेतकरी कोणता वाण पेरतो याला त्या उत्पादनाच्या प्रमाणाबाहेर महत्त्व आहे. खपलीच्या जुन्या गावठी वाणांतील सर्व जनुकांची नोंद अद्यापि झालेली नाही, आणि ज्या शेतांत ते पेरले जातात ती शेते कमी होत आहेत.